परके हात आणि गांवची मजुरी

शिरगणतीच्या भाषेंत ‘स्थलांतरित’ कोणास म्हणतात, हें आमच्या कांहीं वाचकभगिनींस कदाचित् ठाऊक नसेल. ज्याचें पूर्वींचें राहण्याचें ठिकाण गणतीच्या ठिकाणाहून निराळें, तो स्थलांतरित. २०११ च्या शिरगणतींत भारतांत असे सुमारें ४५ कोटी लोक निघाले, आणि त्यांत बहुसंख्या स्त्रियांची होती. कारण विवाह होऊन परगांवाहून सासरीं आलेली प्रत्येक मुलगी याच सदरांत मोजली जाते. म्हणजे आमच्या घरांतील तीनही सुना स्थलांतरित! एक वर्ध्याची, एक सागरची आणि एक थेट धारवाडची. हें आम्हीं जेवतांना सांगितलें तेव्हां पंक्तींत बराच हंशा पिकला. परंतु त्याच महिन्यांत दुसऱ्या प्रकारचे स्थलांतरित आमच्या शेतांत उतरले, आणि मग घरांत कोणासही हंसूं आलें नाहीं. त्या प्रसंगानें आम्हांस जो विचार करावयास लाविलें, तो वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख.

प्रथम आमच्या भागाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. भंडारा जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यांतील धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. १९९९ सालीं गोंदिया निराळा होईपर्यंत तो आणखी मोठा होता. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेले मालगुजारी तलाव आजही येथील बांध्यांस पाणी देतात. आमचें बिऱ्हाड भंडाऱ्यास. परंतु तिघां भावांची मिळून १४ एकर धानाची जमीन साकोलीच्या वाटेवर एका लहानशा गांवीं, अशाच एका तळ्याखालीं आहे. पुण्यामुंबईकडील वाचकांसाठीं सांगतों कीं, आमच्याकडे धान हें पेरून सोडून देण्याचें पीक नव्हे. मृगांत लहानशा वाफ्यांत बीं टाकतात. त्याचे पऱ्हे वीतभर वाढले म्हणजे ते उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधींत थोड्या थोड्या काड्या करून हातानें लावावे लागतात. यास रोवणी म्हणतात. पोटरीइतक्या चिखलांत, कमरेंतून वांकून, पाऊस पाठीवर घेत बायका ओळीनें मागें मागें सरत जातात. हें काम आषाढ-श्रावणांतील तीन-चार आठवड्यांतच उरकावें लागतें. पऱ्हे जून झाले कीं फुटवे कमी येतात आणि वर्षाचें उत्पन्न खालीं बसतें. त्यामुळें त्या तीन-चार आठवड्यांत सर्व गांवास एकाच वेळीं मजूर हवे असतात, आणि ते संपले कीं कापणीपर्यंत फारसे कोणासच नको असतात.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. आदल्या सालीं रोवणीची रोजी २५० रुपये होती. त्या सालीं गांवच्या बायांनीं एकमतानें ३०० मागितली. आमचे वडील बंधू दादा घरचा हिशेब पाहतात. खत महागलें, औषध महागलें, आणि धानाचा भाव आपल्या हातीं नाहीं, असें म्हणून त्यांनीं ती मागणी नाकारली. गांवांत दुसऱ्याही दोघां-तिघांनीं तसेंच केलें. चौथ्या दिवशीं एक ठेकेदार पूर्वेकडील सरहद्दीपलीकडून २२ माणसांची टोळी घेऊन आला. बहुतेक बायका, चार पुरुष. माणशीं रोज २६० रुपये ठेकेदाराच्या हातीं द्यावयाचे, असें ठरलें. टोळी आमच्या खळ्यावरील गोठ्यांत उतरली आणि नऊ दिवसांत सारी रोवणी आटोपून पुढें गेली. काम उत्तम झालें. दादांनीं हिशेब मांडला: २२ माणसें, ९ दिवस, म्हणजे १९८ रोज, रोजीं ४० रुपये वांचले, एकूण ७,९२० रुपयांची बचत झाली. आम्हीं तेव्हां कांहीं बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर बरेंच वाटलें.

पण या हिशेबास दोन बाजू आणखी होत्या, आणि त्या आम्हांस क्रमाक्रमानें कळल्या.

पहिली बाजू आमच्या धारवाडच्या सूनबाईनें आणिली. ती दुपारचा चहा घेऊन बांधावर जात असे. तिची मराठी अजून कानडी वळणाची. आलेल्या बायांची बोली छत्तीसगडी. तरी बायकांस एकमेकींचें बोलणें कळावयास फार व्याकरण लागत नाहीं. तिनें येऊन सांगितलें कीं, आपण देतों त्या २६० पैकीं बाईच्या पदरीं १६० च पडतात. उरलेल्या शंभरांत गाडीभाडें, तांदूळ, ठेकेदाराचा वाटा आणि फाल्गुनांत घेतलेल्या उचलीची कपात, असें सर्व कांहीं येतें. त्यांत कोणत्या गोष्टीचे किती, हें त्या बायांस ठाऊक नव्हतें, आम्हांसही नव्हतें. एकीनें नवऱ्याच्या आजारासाठीं उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत ठेकेदार नेईल तेथें जाणें तिला भाग होतें. येथून पुढें दुसऱ्या तालुक्यांत, आणि पावसाळा सरल्यावर विटांच्या भट्टीवर. म्हणजे आमचे ७,९२० रुपये वांचले त्याच नऊ दिवसांत १९,८०० रुपये त्या माणसांच्या हातीं न पडतां वाटेंतच राहिले होते!

दुसरी बाजू आमच्या दारीं आपण होऊन आली. आमच्या शेतावर वीस वर्षें रोवणीस येणारी एक प्रौढ बाई आहे. घरांतील मुलें तिला मावशी म्हणतात. रोवणी संपल्यावर आठ दिवसांनीं ती ओटीवर येऊन बसली. रागावलेली नव्हती. ती म्हणाली, “गुरुजी, त्या बायायवर माहा राग नाही. त्या बी पोटासाठीच आल्या. पन वर्षाचे अकरा महिने तुमी म्हनता तो भाव, आन् हा एक महिना आमी म्हनतो तो. तेवढा बी तुमी नेला.” मग थोडें थांबून म्हणाली, “माहा पोरगा पुन्याकडं कारखान्यात ठेक्यावर हाय. तेथचे लोक त्याले म्हनतात, तुमी आले म्हनून आमचा भाव पडला. तो फोनवर मले सांगते, आन् मी येथं त्या बायायले तेच म्हनून रायली होती.”

आम्हीं चाळीस वर्षें शाळेंत मुलांस गणित व संस्कृत शिकविलें. परंतु मजुरीच्या अर्थशास्त्राचा एवढा स्वच्छ पाठ आम्हांस कोणीं दिला नव्हता. तेव्हांपासून या प्रश्नावर जें वाचावयास मिळालें, तें वाचलें.

बाहेरून माणसें आलीं म्हणजे मजुरी उतरते काय? बाजाराचा साधा नियम तसें सांगतो: वस्तु पुष्कळ झाली कीं भाव उतरतो. पण माणूस ही केवळ हातांची जोडी नव्हे. तो जेवतो, कपडे घेतो, भाड्यानें खोली घेतो. म्हणजे तो काम घेतो तसें कामही निर्माण करितो. शिवाय कोठें तो गांवकऱ्याचा प्रतिस्पर्धी असतो, तर कोठें पूरक. गवंडी बाहेरचा आला तर गांवच्या सुताराचें काम वाढतें. दुसरा सुतार आला तर तें वांटलें जातें. या दोहोंपैकीं जोर कशाचा, हें ठिकाण आणि प्रसंग पाहूनच ठरवावें लागतें.

यासंबंधीं अमेरिकेंतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १९८० सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत क्यूबा बेटांतून सुमारें सव्वा लक्ष माणसें नावांतून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यास लागलीं. त्यांतील पुष्कळ मायामी शहरींच राहिलीं आणि तेथील कामकऱ्यांची संख्या कांहीं महिन्यांत शेंकडा सात वाढली. डेव्हिड कार्ड या पंडितानें १९९० सालीं आंकडे तपासून असें दाखविलें कीं, इतकी गर्दी होऊनही तेथील मजुरी जवळजवळ हलली नाहीं. या पंडितास पुढें २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु २०१७ सालीं जॉर्ज बोर्हास या दुसऱ्या पंडितानें, जो स्वतःच क्यूबांतून बालपणीं आलेला निर्वासित, तेच आंकडे निराळ्या रीतीनें पाहिले. शाळाही पुरी न केलेल्या, म्हणजे नव्या माणसांशीं अगदीं खांद्यास खांदा लावून काम करणाऱ्या पुरुषांची मजुरी बरीच खालीं गेली, असें त्याचें म्हणणें पडलें. त्या दोन पक्षांचा वाद मिटलेला नाहीं. आमच्या अल्प बुद्धीस त्यांतून इतकें उमगलें कीं, सरासरी ही फसवी असते. सबंध गांवाचें कल्याण झालें तरी जो सर्वांत जवळ उभा आहे, त्याच्या पायावर पाय पडूं शकतो. आमच्या गांवीं तो पाय मावशीच्या पायावर पडला होता.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. पऱ्हे वेळेवर लागले नाहींत तर बांधी पडीत राहते. आणि पडीत बांधींत ना निंदणी, ना कापणी, ना चुरणी. म्हणजे आलेल्या बायांनीं रोवलेल्या धानावरच पुढें दिवाळीच्या सुमारास गांवच्या बायांस काम मिळतें. या दृष्टीनें परके हात गांवच्या हातांस पूरकच ठरतात. गांवांतील बाया सर्व कामावर असूनही हात अपुरे पडले, आणि मग बाहेरून माणसें आलीं, तर त्यांत कोणाचेंही नुकसान नाहीं. आम्हीं केलें तें तसें नव्हतें. गांवच्या बाया रिकाम्या बसल्या असतां, त्यांची मागणी मोडण्याकरितां आम्हीं परक्या बाया आणिल्या. दोहोंत बाहेरून आलेलीं माणसें तींच. फरक आणणाऱ्याच्या हेतूंत होता.

आणि तो हेतु साध्य झाला तो त्या बाया परक्या होत्या म्हणून नव्हे, तर त्या बांधलेल्या होत्या म्हणून. १६० रुपयांवर राबणारी बाई जर मोकळी असती, तर शेजारच्या बांधीवर ३०० चा भाव निघाल्याचें ऐकून तिकडे गेली असती. मग आमच्या गांवचा भाव पडला नसता. उचलीनें तिचे पाय बांधले होते. सर्व प्रकरणाची कळ आम्हांस येथें सांपडली. माणूस येण्यानें भाव पडतो त्याहून कितीतरी अधिक तो त्याला जातां न येण्यानें पडतो.

आपल्या देशाच्या इतिहासांत याचा पुरावा मुबलक आहे. १८३४ पासून मॉरिशस बेटांत, १८६० पासून नाताळांत आणि १८७९ पासून फिजींत हिंदी मजूर करारानें नेले जात. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचें त्यांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें. मॉरिशसमध्यें आज जो मराठी समाज आहे, त्याचे पूर्वजही याच मार्गानें गेले. आमच्या मध्यप्रांतांतून, विशेषतः छत्तीसगडाकडून, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं कंगाल झालेलीं माणसें आसामच्या चहाच्या मळ्यांकडे गेलीं. तेथें करार मोडून काम सोडणें हा १८५९ च्या कायद्यानें गुन्हा होता, आणि पळालेल्या मजुरास स्वतः धरून आणण्याचा अधिकार मळेवाल्यांस पुष्कळ वर्षें होता. अशा मळ्यांच्या प्रदेशांत मोकळ्या मजुराची रोजी कशी वाढावी?

नाताळची गोष्ट तर फारच बोलकी आहे. तेथील ऊंसमळेवाल्यांस हिंदी मजूर हवे होते. पण करार पुरा झाल्यावर तेच मजूर मोकळेपणें शेती, व्यापार, नोकरी करूं लागले, तेव्हां ते नकोसे झाले. १८९५ सालीं त्यांच्यावर माणशीं वर्षास तीन पौंडांचा कर बसविला. ज्यास तो झेपेना, त्यानें पुनः गिरमिटांत शिरावें किंवा मायदेशीं परतावें, हा त्याचा अर्थ. म्हणजे ज्यांनीं परका माणूस बोलाविला, त्यांस तो परका असल्याची अडचण नव्हती. तो मोकळा होण्याची होती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं २५ फेब्रुवारी १९१० रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळसाठीं मजूरभरती बंद करण्याचा ठराव आणिला आणि तो सरकारनें मान्य केला. १९१२ च्या मार्चांत त्यांनीं सर्वच वसाहतींसाठीं ही करारपद्धति बंद करण्याचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. तरी १९१७ सालीं ती भरती थांबलीच. गोखल्यांची तक्रार माणसानें परमुलखीं जाण्याविरुद्ध नव्हती; मनुष्यास कराराच्या दोरीनें बांधून नेण्याविरुद्ध होती. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

स्वतंत्र भारतानेंही तो भेद ओळखला. १९७६ सालीं वेठबिगारीची पद्धति कायद्यानें रद्द झाली. उचलीच्या मोबदल्यांत माणसास राबविणें हेंही त्यांत आलें. १९७९ सालीं परप्रांतीय मजुरांसाठीं निराळा कायदा झाला. पांच किंवा अधिक असे मजूर आणणाऱ्या ठेकेदारास परवाना, मजुरास येण्याजाण्याचें भाडें, घर सोडून आल्याबद्दल निराळा भत्ता, आणि मुख्य म्हणजे त्याच कामास स्थानिक मजुरास मिळेल तेवढीच मजुरी, असे त्याचे नियम होते. संसदेनें २०२० सालीं तो नव्या संहितेंत सामावून घेतला. १९८२ सालीं, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें याहूनही खोल तत्त्व सांगितलें: किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणें म्हणजे राज्यघटनेनें निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरीच होय, कारण पोटाची आग हीही सक्तीच. न्यायमूर्ति भगवती यांचा तो निकाल प्रत्येक सुशिक्षित घरांत माहीत असावा असा आहे. कायदा चांगला होता. पण आमच्या खळ्यावर टोळी उतरली तेव्हां ठेकेदाराचा परवाना पाहावा, असें दादांच्या मनांत आलें नाहीं, आणि शिक्षक असून आमच्याही आलें नाहीं.

कोणी म्हणेल, मग बाहेरच्यांस येऊंच देऊं नये. गांवचें काम गांवास. हाही उपाय जगांत करून पाहण्यांत आला आहे. अमेरिकेनें १९४२ पासून १९६४ पर्यंत मेक्सिकोंतील शेतमजूर करारानें आणिले. ते बांधलेले असत, आणि त्यांच्यामुळें देशी मजुरांचा भाव पडतो अशी ओरड होऊन १९६४ अखेर ती योजना बंद झाली. अपेक्षा अशी कीं आतां मजुरी चढेल. अलीकडे २०१८ सालीं कांहीं अभ्यासकांनीं ते जुने आंकडे तपासले, तों मजुरी विशेष चढलीच नव्हती असें दिसलें. शेतकऱ्यांनीं टोमॅटो तोडण्याचें यंत्र आणिलें आणि जेथें यंत्र चालत नाहीं तीं पिकें कमी केलीं. आमच्याकडेही कापणीच्या वेळीं हार्वेस्टर बांधीबांधींतून फिरूं लागले आहेत, आणि विळा घेऊन कापणारीं माणसें धुऱ्यावर उभीं राहून पाहतात. यंत्रास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु वाट अडविली म्हणजे मजुरी आपोआप चढते, हा भ्रम आहे.

कधीं कधीं तर माणसें जागचीं न हलतां कामच हलतें. आमच्या जिल्ह्यांत तेंदूपान विपुल, आणि विडी वळण्यावर हजारो घरें चाललीं. म्हणून विडीचेंच उदाहरण घेतों. १९६६ सालीं विडी-कामगारांच्या हिताचा कायदा झाला. केरळांत तो अंमलांत येतांच १९६८ सालीं कन्नूरकडील मोठ्या कारखानदारांनीं तेथील कामच बंद केलें आणि हजारो माणसें रिकामीं झालीं. तेथील कामगारांनीं १९६९ सालीं सहकारी संस्था काढून आपला धंदा सांवरला, ही गोष्ट निराळी. पण यांत परप्रांतीय मजूर कोठें होता? जेथें स्त्रिया घरांत एकएकट्या बसून राबतात आणि एकीचा भाव दुसरीस ठाऊक नसतो, तिकडे काम पाण्यासारखें उतारावर जातें.

आणि वाट अडवावयाची म्हटली तर ती कोणाची? आमचा जिल्हा माणसें घेतो त्याहून अधिक देतो. १८७७ सालीं नागपुरास टाटांची एम्प्रेस मिल निघाली, आणि पुढें पांचसहा वर्षांत नागपुराहून राजनांदगांवपर्यंत आगगाडी धावूं लागली, तेव्हांपासून येथील माणूस पोटासाठीं पश्चिमेची वाट धरीत आला आहे. २०२० सालच्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या नागपूर-रायपूर महामार्गावर जें दृश्य आम्हीं पाहिलें, तें जन्मभर विसरणार नाहीं. टाळेबंदी झाली आणि शहरें ज्यांनीं बांधलीं तीं माणसें पोरें खांद्यावर घेऊन उन्हांत पायीं पूर्वेकडे निघालीं. आमच्या घरच्या बायकांनीं आळीपाळीनें पिठलें-भात आणि पाण्याचे माठ नेऊन ठेविले. आम्हीं विचारलें तेव्हां कित्येकांनीं सांगितलें कीं, शेवटच्या महिन्याची मजुरीही ठेकेदाराकडे राहिली आहे. त्याच दिवसांत पुण्यामुंबईहून परतलेलीं आमच्या गांवचीं पोरें शाळेच्या खोल्यांत निराळीं ठेविलीं होतीं. मावशीचा मुलगाही त्यांत होता. त्या वेळीं आम्हीं ज्यांस पाणी पाजलें, त्यांच्याच गांवच्या बाया चार वर्षें होण्यापूर्वींच आमच्या गोठ्यांत १६० रुपयांवर उतरल्या होत्या. पाणी पाजणें सोपें होतें.

आतां एक गोष्ट आपल्या वर्गाविषयीं. आमचा एक पुतण्या अमेरिकेंत संगणकाच्या कामावर आहे. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी असेलच. ‘हे हिंदी लोक येऊन आमच्या पगारांचा भाव पाडतात’ असें तेथेंही म्हणतात, आणि ऐकून आम्हांस राग येतो. तेथील १९९० च्या कायद्यानें आलेल्या या परवान्यांवर वर्षास ६५,००० ची, आणि तेथेंच उच्च पदवी घेतलेल्यांसाठीं आणखी २०,००० ची मर्यादा घातली गेली. त्या कामाचा तेथील जो चालू दर, त्याहून कमी पगार मालकानें देऊं नये, असाही नियम झाला. म्हणजे मावशीस जें हवें तेंच! पण पुतण्यानें आम्हांस सांगितलें, “काका, पगाराचं ठीक आहे, पण परवाना मालकाच्या नांवाशीं बांधलेला. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीं तर सामान बांधायचं. म्हणून रात्री दहाला काम सांगितलं तरी नाहीं म्हणवत नाहीं.” गोठ्यांतील बाई आणि आमचा पुतण्या यांच्या स्थितींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, हें आम्ही जाणतों. तरी ‘नाहीं म्हणवत नाहीं’ हे शब्द दोघांचे एकच. आणि जो नाहीं म्हणूं शकत नाहीं, त्याच्या शेजारीं बसणाऱ्याचेंही ‘नाहीं’ हळूहळू स्वस्त होतें.

पुढील सालीं मृगापूर्वींच आम्हीं घरांत हा विषय काढला. दादा प्रथम रागावले. “शेती तुझ्या पेन्शनवर चालत नाहीं,” म्हणाले. आणि त्यांचें बोलणें खोटें नव्हतें. दोन-तीन रात्री वाद झाला. अखेरीस चार गोष्टी ठरल्या. रोवणीचा भाव गांवच्या बायांस अंगणांत बोलावून आधींच ठरवावयाचा. काम प्रथम गांवास द्यावयाचें, आणि हात कमी पडतील तेवढेच बाहेरून बोलवावयाचे. बाहेरच्यांस भाव तोच, आणि पैसे ज्याचे त्याच्या हातांत. माणसें आणण्याचे ठेकेदाराचे पैसे निराळे द्यावयाचे. ते त्यांच्या रोजींतून कापावयाचे नाहींत. भाव ३०० ठरला. पहिल्या ठेकेदारास ही रीत पसंत पडली नाहीं. तो आला नाहीं. दुसरा चार हजारांवर कबूल झाला. गांवच्या १४ बाया आणि बाहेरचीं १० माणसें मिळून आठ दिवसांत काम झालें. पहिले दोन दिवस दोन ओळी निराळ्या चालल्या. ‘त्या बाया लांब लांब रोवतात’ अशी मावशीची तक्रार होती. मग पावसानें घाई केली आणि ओळ एक झाली.

शास्त्राधार हवा असेल त्यांच्यासाठीं सांगतों. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दास आणि कर्मकर यांच्याविषयीं एक प्रकरण आहे. कामकरी आणि धनी यांच्यांतील करार शेजाऱ्यापाजाऱ्यांस माहीत असावा, असें त्यांत सांगितलें आहे. आम्हीं तें विद्यार्थिदशेंत वाचलें होतें आणि परीक्षेंत लिहिलेंही होतें. त्याचा अर्थ साठी उलटल्यावर अंगणांत कळला. भाव चारचौघांत बोलला गेला कीं ठेकेदारास अंधार उरत नाहीं, परक्यास कमी देतां येत नाहीं, आणि परका आला म्हणून गांवकऱ्याचें पोट धडधडत नाहीं.

याचा खर्च लपविण्याचें कारण नाहीं. २४ माणसें, ८ दिवस, १९२ रोज, ३०० प्रमाणें ५७,६०० रुपये, ठेकेदाराचे ४,०००, एकूण ६१,६००. आदल्या सालीं ५१,४८० लागले होते. म्हणजे १०,१२० रुपये अधिक गेले. धान त्यामुळें एक पायलीही जास्त पिकलें नाहीं. माडीचीं कौलें बदलण्याचें काम एक वर्ष पुढें ढकललें आणि त्या पावसाळ्यांत दोन ठिकाणीं पातेलीं ठेवावीं लागलीं.

हिशेब लिहितांना दादांनीं चष्मा वर करून विचारलें, “हे जास्तीचे दहा हजार कोठें मांडूं? धर्मादायांत?” आम्ही उत्तर शोधीत होतों, तोंच धारवाडची सूनबाई, जी आमच्या घरांत शिरगणतीच्या हिशेबानें सर्वांत लांबून आलेली, स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, “बाबा, धर्मादाय कशाला? रोवणींतच मांडा.” दादांनीं क्षणभर तिच्याकडे पाहिलें आणि रोवणींत मांडले. यंदाही तेथेंच मांडले आहेत.